पुस्तक अर्ध्यावर आहे, बोलू का?

पत्राचा सारांश (नाव-पत्ता अर्थातच गाळून)

पत्र बडोद्याच्या एका भगिनींचं आहे. वय चव्वेचाळीस, माहेर-सासर दोन्ही बडोद्यातलंच. दांडिया बाजारात एकांच्या घरी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकरा जण जमतात आणि सध्या काय वाचतोय ते एकमेकांना सांगतात. त्यात एक गुजराती बेनही आहेत, त्या हौसेने पण सावकाश मराठी वाचतात. दिवाळीनंतर गटात एक निवृत्त शिक्षिका आल्या, सगळे त्यांना बाई म्हणतात. ‘पुस्तक संपल्याशिवाय त्याबद्दल तोंड उघडू नये, तो लेखकाचा अपमान आहे,’ असं बाईंनी दोनदा सगळ्यांसमोर बजावलं आणि दोन्ही वेळा बोलणं चाललं होतं ते या भगिनींचं. घरी निराळीच कुरबुर. धाकट्या जाऊबाई तेच पुस्तक यांच्यानंतर वाचायला घेतात आणि ‘ताई, तुम्ही आधीच सगळं सांगून टाकता’ म्हणून रुसतात. शिवाय दोन गोष्टी त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आल्यात. पुस्तकाबद्दल भरभरून बोललं की ते पुरं करायची ओढ संपते. आणि चारचौघांत एकदा मत दिलं की पुढचं सगळं त्या मताला धरूनच वाचलं जातं. हल्ली त्या ‘अजून वाचतेय’ एवढं म्हणून चहाच्या तयारीला उठतात. त्यांचा प्रश्न असा की गप्प बसणंच बरं का? आणि ताजा कलम: निम्मं वाचून फार आवडलेलं पुस्तक भाचीला वाढदिवसाला दिलं तर चालेल ना?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन निरनिराळ्या अडचणी एकाच दावणीला बांधल्यात आणि सगळ्यांवर मिळून एकच उतारा शोधताय, गप्प बसण्याचा. बाईंचा आक्षेप लेखकाच्या मानाबद्दल आहे. जाऊबाईंची तक्रार त्यांच्या वाचनातल्या मजेबद्दल आहे. ओढ संपणं आणि मत चिकटून बसणं हा तुमच्या स्वतःच्या वाचनाचा प्रश्न आहे. तुम्ही गप्प बसलात तर पहिली अडचण मिटल्यासारखी दिसेल, दुसरी खरंच मिटेल आणि तिसरी आहे तिथेच राहील. कारण मनातल्या मनात मत बनायचं काही थांबत नाही. फक्त ते तपासून बघायला कुणी उरत नाही.

आधी बाईंचं घेऊ. शेवटचं पान उलटलं की बोलण्याचा हक्क मिळतो, तोवर नाही, असं त्यांचं गृहीत आहे, आणि तुम्हीही ते निमूटपणे मान्य करून टाकलंय. पण शेवटपर्यंत पोचलेला माणूस नीट वाचूनच पोचलेला असतो असं कुठे आहे? रात्री पेंगत पेंगत पन्नास पानं उलटून ‘झालं बुवा एकदाचं’ म्हणणाऱ्यापेक्षा नवव्या प्रकरणाशी अडून बसलेला वाचक त्या पुस्तकाबद्दल जास्त सांगू शकतो. अर्ध्यावर बोलणं ही आजकालची टूमही नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली आणि पुरी व्हायला १८९३ उजाडलं. त्या काळात तिच्याबद्दल जो कुणी बोलला तो अर्ध्या कादंबरीबद्दलच बोलला. त्यात हरिभाऊंचा अपमान झाला असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं, साधा हिशेब करून बघा. सातशे पानांची कादंबरी रोज वीस पानं वाचली तरी पस्तीस दिवस घेते. म्हणजे एका बैठकीला हाती घेतली तर पुढच्या बैठकीपर्यंत ती सहसा ‘झालेली’ नसणार. बाईंचा नियम काटेकोर पाळला तर तुमच्या गटात बारीक पुस्तकांचीच चर्चा होईल आणि त्या बेन वर्षातून दोनदा बोलतील. त्यांच्यासारख्या सावकाश वाचणाऱ्याला जे दिसतं ते भराभर वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं, त्यामुळे हे नुकसान तुम्हा सगळ्यांचंच.

तरीही बाई अगदी चुकतात असं नाही. शितावरून भाताची परीक्षा भातालाच लागू पडते, कारण पातेल्यातलं सगळं एकाच आचेवर शिजलेलं असतं. कादंबरीत लेखकाने काही शितं मुद्दाम कच्ची ठेवलेली असतात. तेव्हा अर्ध्यावर काय बोलता येतं आणि काय येत नाही, हे पुस्तकाच्या जातीवर ठरतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

कादंबरीपासून सुरुवात करू, कारण सगळे घोटाळे तिथेच होतात. पहिल्या चतुर्थांशातच बऱ्याच गोष्टी पक्क्या कळतात. गोष्ट कोण सांगतंय, कुठल्या काळातली, भाषा कशी, संवाद त्या त्या माणसाच्या तोंडचे वाटतात की सगळे एकाच सुरात बोलतात, वर्णन किती आणि घटना किती. यावर बेलाशक बोला, शेवट वाचून यात फारसा फरक पडत नाही. माणसांचे हेतू, लेखकाची बाजू आणि अमुक प्रकरण कशाला घातलं, हे मात्र उशिरा कळतं. आपली जीभ घसरते ती नेमकी इथे.

समजा, वाड्यात राहणाऱ्या चार भावांची कादंबरी तुम्ही वाचताय. सहा प्रकरणं झालीत. थोरला भाऊ पैशापैशाला चिकट दिसतो. तुम्ही गटात म्हणता, ‘लेखकाला माणसं उभी करता येत नाहीत, थोरला अगदी एकरंगी झालाय.’ हा निकाल झाला, आणि बाई भडकणार त्या इथेच. त्याऐवजी म्हणा, ‘सहा प्रकरणं झालीत. थोरला मला अजून तरी नुसता चिकट दिसतोय, पण त्याच्याबद्दल जे काही कळतंय ते सगळं धाकट्याच्या तोंडून. थोरल्याची बाजू येते का, याची वाट बघतेय.’ यातलं प्रत्येक वाक्य पुस्तक उघडून पडताळता येतं. पुढे धाकटाच खोटारडा निघाला तरी तुमचं एक अक्षर मागे घ्यावं लागत नाही. उलट तुम्हाला ते आधीच खटकलं होतं, हे गटाला आठवेल.

कंटाळ्याचंही असंच. ‘कंटाळवाणं आहे’ म्हणण्याआधी कंटाळा नेमका कुठे आला ते बघा. मोठ्या कुटुंबाच्या कादंबरीत पहिली चाळीस-पन्नास पानं नावांच्या गर्दीत जातात. आत्या, मामेभाऊ, दोन-दोन माई. तिथला कंटाळा बहुतेक वेळा नावं लक्षात न राहिल्यामुळे येतो आणि बोल लागतो लेखकाला. कागदावर वंशावळ काढून पुस्तकात ठेवा आणि तीच पानं पुन्हा चाळा. कंटाळा गेला तर तो नावांचा होता, राहिला तर खुशाल लेखकाच्या नावावर मांडा.

कथासंग्रहाला यातलं काही लागू नाही. तिथे प्रत्येक कथा संपलेलीच असते. ‘अकरापैकी चार वाचल्या, दुसरी सगळ्यांत सरस’ असं बिनधास्त सांगा, फक्त चारांवरून अकरांचा हिशेब मांडू नका. ललित लेखांचंही तेच. कवितासंग्रहाबद्दल तर ‘संग्रह कसा आहे’ या प्रश्नाच्या वाटेलाच जाऊ नये. एक कविता मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिच्याबद्दल बोलावं.

अनुवाद वीस पानांत कळतो. ‘त्याने त्याचे डोके त्याच्या हातांमध्ये घेतले’ अशी वाक्यं दर पानावर भेटायला लागली की अनुवादकाने मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवलाय हे उघड आहे, मराठीत माणूस डोकं धरून बसतो. काका आणि मामा यांत गल्लत झालीय का तेही बघा. हे दोष शेवटपर्यंत सुधारत नाहीत, त्यामुळे पुस्तक संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. मात्र बोलताना तो राग मूळ लेखकावर निघू देऊ नका.

इतिहास आणि चरित्र यांत तर अर्धं पुस्तकही वाचावं लागत नाही, एक परीक्षा पहिल्याच बैठकीत घेता येते. ज्या विषयातलं आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेवढीच पानं आधी काढून बघायची. बडोदेकरांना हे सोपं आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांवरचं पुस्तक हातात आलं की सक्तीच्या शिक्षणाचं प्रकरण उघडा. अमरेलीतला प्रयोग १८९३ चा आणि सगळ्या संस्थानात सक्तीचा कायदा १९०६ चा. पुष्कळ पुस्तकांत या दोन पायऱ्यांची एकच पायरी होते. दत्तकविधान १८७५ चं, पण राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले ते १८८१ अखेर. मधली सहा वर्षं लेखकाने नीट हाताळलीत की कवळाणे गावातून दत्तक आलेला मुलगा दुसऱ्या पानावरच सुधारक राजा होऊन बसलाय? ग्रंथालयांचा विषय असेल तर १९१० साली अमेरिकेतून आणलेले ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांचं नाव येतं का ते बघा. मग मागची संदर्भसूची आणि नामसूची चाळा. चरित्राला नामसूचीच नसेल तर ती उणीव तुम्ही पहिल्या दिवशी बोलून दाखवलीत तरी चालेल. तिथे अर्धं आणि पुरं हा भेदच नाही.

आत्मचरित्राच्या बाबतीत मात्र जिभेला लगाम घाला. बालपणाचा भाग बहुतेक सगळ्यांना चांगला लिहिता येतो. गरिबी, आजी, नदी, शाळेतले मास्तर, वाचणारा भारावून जातो आणि ‘काय प्रांजळ लिहिलंय’ म्हणून बसतो. प्रांजळपणाची कसोटी लागते ती भावाशी वाटण्या झाल्या, सहकाऱ्याशी भांडण झालं, स्वतःच्या हाती अधिकार आला त्या प्रकरणांत. ती बहुतेक निम्म्यानंतर येतात, आणि कित्येकदा त्यांच्या जागी सत्कारांच्या आणि पदांच्या याद्याच येतात. तेव्हा ‘बालपणाची आठ प्रकरणं सुरेख आहेत’ एवढंच म्हणा.

रहस्यकथेबद्दल वेगळं सांगायला नकोच. प्रेत सापडेपर्यंतचं सांगा आणि तिथे थांबा.

आता बोलायचं कसं ते. आधी कुठवर आलात ते सांगा, आणि तेही पानाच्या आकड्यात नको. पुनर्मुद्रणात अक्षरजुळणी नव्याने झाली की पानं बदलतात, आणि जुन्या आवृत्तीचं १२० वं पान नव्या आवृत्तीत दीडशेच्या पुढेही जातं. ‘चोवीसपैकी नववं प्रकरण’ म्हटलं की कुठलीही आवृत्ती हातात असलेल्या माणसाला कळतं. मोबाइलवर वाचणाऱ्यांना टक्के दिसतात, पण त्यात शेवटच्या टिपा आणि जाहिरातींची पानंही धरलेली असतात. मजकूर कधी कधी नव्वद टक्क्यांवरच संपतो. मग काय दिसलं ते सांगा, एखाद्या प्रसंगाचा किंवा वाक्याचा दाखला देऊन. आणि शेवटी कशाची वाट बघताय ते. सगळं मिळून तीन मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ लागायला लागला की समजा, कथानक सांगणं सुरू झालंय.

यासाठी थोडी टिपणं लागतात. ए-फोर कागद आडवा धरून त्याच्या चार उभ्या पट्ट्या कापा. नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकात पट्टी वरून खालपर्यंत बरोबर बसते, खुणेलाही तीच चालते. पाव पुस्तक झालं, निम्मं झालं, शेवटचं प्रकरण उरलं आणि संपलं, अशा चार ठिकाणी तारीख, प्रकरण आणि दोन ओळी लिहायच्या. पहिली ओळ काय दिसलं याची. दुसरी ओळ जास्त कामाची: काय घडलं तर माझं आत्ताचं मत बदलेल? पुस्तक सेंट्रल लायब्ररीतून किंवा कुणाकडून आणलेलं असेल तर त्यावर पेनच काय, पेन्सिलही चालवू नका. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्याही नकोत, त्यांचा डिंक कागदावर राहतो आणि जुन्या पानाचा पापुद्राच उचलला जातो. जुन्या पुस्तकांचा कागद आतल्या आम्लाने ठिसूळ झालेला असतो, कोपरा दुमडलात तर तो तुटून हातात येईल. साधी कागदाची पट्टी बरी.

ही दुसरी ओळ तुमच्या चिकटणाऱ्या मतावरचा इलाज आहे. असं होतं कसं, ते बघा. चारचौघांत तुम्ही ‘नायिका फार रडकी आहे’ म्हणालात. आता ते मत तुमच्या नावावर जमा झालं. पुढे ती जिथे जिथे रडते तिथे मन ‘बघा, म्हटलं नव्हतं!’ म्हणून नोंद करतं आणि ती ठामपणे बोलते ती पानं नजरेखालून नुसती सरकतात. म्हणून मत देतानाच ते कशाने मोडेल तेही लिहून ठेवायचं: ‘घर विकायच्या वेळी ती स्वतः निर्णय घेते का?’ मग पुढे वाचताना डोळे तो प्रसंग शोधतात. वर पुढच्या बैठकीत मागचं मत दुरुस्त करायची पद्धतच पाडा. सुरुवातीला ज्यांना आपलं बोलणं बदलायचंय त्यांना एक-एक मिनिट. बदललं तर का, एवढंच. हे नेमाने झालं की मत बदलण्यातला ओशाळेपणा जातो, आणि मला विचाराल तर बैठकीतला ऐकण्याजोगा भाग हाच ठरेल.

ओढ संपण्याचं कारण वेगळं. पुस्तकातलं जे सांगावंसं वाटतं ते सगळं सांगून झालं आणि ऐकणाऱ्यांनी वा वा म्हटलं की वाचनातून जे मिळायचं होतं ते त्या बैठकीतच मिळून जातं. मग उरलेली दीडशे पानं नुसतं काम वाटू लागतात. यावर तीन गोष्टी करून बघा. ज्याबद्दल बोलायला सगळ्यांत जास्त जीभ शिवशिवतेय ती एक गोष्ट मुद्दाम हातची राखा. बैठकीआधी प्रकरण संपवून थांबू नका, नव्या प्रकरणाची चार-पाच पानं वाचून अर्ध्यावर सोडा, म्हणजे आत काहीतरी लोंबकळत राहील. आणि बैठकीहून आल्यावर त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी, थोडी का होईना पानं वाचा. मध्ये चार दिवस गेले की पुस्तक उशाखालून कपाटात जातं. एवढं करूनही ओढ येत नसेल तर पुस्तक सोडायला हरकत नाही. अडीचशे पानांच्या पुस्तकाला पन्नासेक पानांची संधी पुरेशी आहे. फक्त गटात ‘वाईट आहे’ न म्हणता ‘पाचव्या प्रकरणावर सोडलं, अमुक कारणाने’ असं सांगा. त्या कारणासाठीच ते कुणाला तरी वाचावंसं वाटू शकतं.

आता जाऊबाई. तुम्हाला वाटतं तुम्ही शेवट सांगत नाही म्हणजे काही फोडत नाही. पण त्यांचा रुसवा शेवटावरून नसावा. ‘शेवटी काय धक्का आहे म्हणून सांगू!’ यात शेवट सांगितलेला नाही, तरी वाचणारा आता पानोपानी धक्क्याची वाट बघणार. ‘त्या धाकट्यावर लक्ष ठेव हं’ हे तर त्याहून वाईट, कारण लेखकाने दोनशे पानं खर्चून जे लपवलं ते तुम्ही पाच शब्दांत उघडं केलंत. ‘पहिली शंभर पानं नेट धर’ यानेसुद्धा त्या शंभर पानांवर शिक्का बसतो. शेवटच्या प्रकरणाबद्दल नुसतं हसून गप्प बसणं हेही सांगणंच आहे.

घरापुरता नियम साधा ठेवा. मलपृष्ठावर जेवढं छापलंय तेवढंच त्यांच्यासमोर बोलायचं, आणि तेही आधी विचारून: ‘तुला हे वाचायचंय का? मग मी बोलत नाही.’ तुमच्या चार ठिकाणच्या टिपणांची पट्टी पाकिटात घालून पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ठेवा. त्यांनी पुस्तक संपवून पाकीट उघडायचं. दोघींनी एकाच प्रकरणाशी थांबून काय काय विचार केला होता, ते तेव्हा एकमेकींना दाखवता येईल. आणखी एक खबरदारी दोघींनीही घ्या. आपल्याकडे जुन्या कादंबऱ्यांना वीस-वीस पानांच्या प्रस्तावना असतात आणि त्यात सगळं कथानक शेवटासकट सांगितलेलं असतं. कितीही मोठ्या माणसाने लिहिलेली असो, प्रस्तावना पुस्तक संपल्यावर वाचावी.

ही खबरदारी गटातल्या ऐकणाऱ्यांनाही हवी. ज्यांचं पुस्तक आधीच वाचून झालंय त्यांनी ‘थांबा, पुढे बघा काय होतं!’ असं म्हणायचं नाही. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याने अर्ध्यावरच्या वाचकाला फक्त विचारावं: तुम्हाला असं कशावरून वाटलं?

तर आता बाईंशी कसं बोलायचं? बैठकीत मुळीच नको, तिथे तो वाद होईल आणि बाकीचे नऊ जण चहाकडे बघत बसतील. मधल्या आठवड्यात त्यांच्या घरी जा. त्यांचा जो मुद्दा खरा आहे तो आधी मान्य करा, कारण तो खराच आहे. छापील परीक्षण लिहायचं असेल, ग्रंथालयाला पुस्तक सुचवायचं असेल, स्पर्धेला परीक्षक म्हणून बसायचं असेल तर शेवटचं पान वाचल्याशिवाय शब्द काढू नये. लेखक गावातलाच असेल तर दुप्पट जपावं. बडोद्याची मराठी मंडळी एकमेकांना इतकी धरून आहेत की दांडिया बाजारात बोललेलं रावपुऱ्यात पोचायला दिवस मावळावा लागत नाही. आणि लेखकाने स्वतःच विचारलं तर ‘सातव्या प्रकरणापर्यंत आलेय, संपल्यावर भेटून बोलते’ हे पुरेसं आहे.

मग त्यांना म्हणा, ‘बाई, निकाल शेवटीच द्यावा हे पटलं मला. म्हणून आता प्रकरण सांगूनच बोलणार आहे. कुठे घाईने निकाल दिला तर तिथल्या तिथे थांबवा मला.’ उभा जन्म मुलांची उत्तरं तपासण्यात गेलेल्या माणसाला हे काम आवडत नाही असं होत नाही. त्याचबरोबर बैठकीचे दोन भाग करायचं सुचवा. आधी चालू वाचन, अकरा जणांची तीन-तीन मिनिटं, म्हणजे तेहेतीस. मग पुरी झालेली दोन पुस्तकं, प्रत्येकी दहा मिनिटं. दुरुस्त्यांची पाच-सात मिनिटं धरून साडेपाचला सुरू केलंत तर साडेसहाला चहा. दुसऱ्या भागातलं पहिलं पुस्तक बाईंनाच सांगायला लावा. त्यांच्या शिस्तीचं बोलणंही ऐकण्यासारखं असणार, आणि त्या दहा मिनिटांत तुम्हाला चहाला उठायची मुभा नाही.

गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहीत असाल तर प्रकरण पहिल्या ओळीतच टाका आणि पुढचा मजकूर चार-पाच ओळी सोडून सुरू करा, म्हणजे ज्यांना नकोय त्यांच्या डोळ्यांत तो आपसूक घुसणार नाही. पानांचे फोटो पाठवू नका. आणि रात्री साडेअकराला भारावून लिहिलेलं सकाळी पाठवा.

ताज्या कलमाबद्दल: नका देऊ. निम्म्यावर आवडलेलं पुस्तक स्वतः पुरं करा, नाहीतर भाचीला आधी वाचलेलं दुसरं एखादं द्या. भेटीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपण नाव आणि तारीख घालतो, आणि दोन महिन्यांनी ती ‘मामी, तुम्ही हे मला का दिलंत?’ म्हणून पंधराव्या प्रकरणाकडे बोट दाखवील तेव्हा तुम्ही बाराव्यावर असून चालणार नाही.